जोडणी-संचायकाचे दूरप्रशासन : सिंधुदुर्ग किनाऱ्याच्या अनुषंगाने

१. विषयप्रवेश

रत्नागिरी जिल्ह्याचे विभाजन होऊन १ मे १९८१ रोजी सिंधुदुर्ग जिल्हा अस्तित्वात आला. देवगड, मालवण व वेंगुर्ले हे त्याचे किनाऱ्यावरील तालुके. पूर्वेस सह्याद्रीची भिंत आहे आणि घाटमाथ्याशी दळणवळण आंबोली, फोंडा, करूळ यांसारख्या मोजक्या घाटांतून चालते. पावसाळ्यात दरडी कोसळून यांतील एखादा मार्ग बंद पडणे ही तेथील लोकांस नवलाची गोष्ट नव्हे. मे २०२१ मध्ये तौक्ते चक्रीवादळ या किनाऱ्यालगतून उत्तरेकडे गेले, तेव्हा झाडे व विजेचे खांब पडून जिल्ह्यातील अनेक गावांचा वीजपुरवठा खंडित झाला. अशा प्रदेशात संगणकीय व्यवस्था उभारताना एक प्रश्न आरंभीच विचारात घ्यावा लागतो. यंत्र एका ठिकाणी, त्याची देखभाल करणारा मनुष्य दुसऱ्या ठिकाणी आणि मधला रस्ता बंद, अशी अवस्था आली असता कारभार कोणी व कसा चालवावयाचा?

प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा एक मर्यादित भाग घेतला आहे. डेटाबेस आणि त्याचा वापर करणारे कार्यक्रम यांच्या दरम्यान जो जोडणी-संचायक, म्हणजेच कनेक्शन पूलर, बसविला जातो, त्याचे दुरून प्रशासन कसे सिद्ध करावे, याचे हे विवेचन आहे. उदाहरणादाखल पोस्टग्रेसक्यूएल हा डेटाबेस व पीजीपूल-टू हा पूलर घेतला असून तुलनेसाठी पीजीबाउन्सरचा निर्देश केला आहे. आज्ञांची व फायलींची नावे उच्चारानुसार दिली आहेत. प्रत्यक्ष टंकताना आज्ञांतील व मूल्यनामांतील शब्द अधोरेषेने जोडावयाचे असतात, हे विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवावे.

दूरप्रशासन ही सामान्यतः एक सोय मानली जाते. तथापि सूक्ष्म विचार करता असे दिसून येईल की, निर्णयाचा अधिकार अंतराच्या पलीकडे नेण्याची ती एक व्यवस्था आहे. दुरून यंत्र थांबविता येते, एखादा सर्व्हर सेवेतून वगळता येतो किंवा पुन्हा सेवेत घेता येतो. परंतु हे निर्णय ज्या माहितीच्या आधारे घ्यावयाचे ती माहितीही त्याच अंतरावरून, त्याच बेभरवशाच्या मार्गाने येत असते. म्हणून पाहण्याचा अधिकार व करण्याचा अधिकार यांची फारकत करणे हे या मांडणीचे मुख्य सूत्र होय, असे येथे प्रतिपादन करावयाचे आहे.

२. पूलरचे प्रयोजन

पोस्टग्रेसक्यूएलचा उगम बर्कले येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात मायकेल स्टोनब्रेकर यांनी १९८६ मध्ये आरंभिलेल्या पोस्टग्रेस प्रकल्पात आहे. त्याचे आजचे नाव १९९६ मध्ये रूढ झाले. या डेटाबेसच्या रचनेचे एक वैशिष्ट्य असे की, प्रत्येक नव्या जोडणीसाठी तो एक स्वतंत्र प्रक्रिया निर्माण करतो. यामुळे एका जोडणीतील काम दुसरीपासून चांगले अलग राहते. परंतु प्रत्येक प्रक्रियेस स्वतःची स्मृती लागते, ती निर्माण करण्यास वेळ लागतो आणि ओळख पटविण्याचा विधी प्रत्येक वेळी पार पाडावा लागतो. एखादा कार्यक्रम दर विनंतीस नवी जोडणी उघडून लगेच मिटवू लागला, तर सर्व्हरचा बराचसा वेळ मूळ कामाऐवजी या स्वागत-निरोपातच खर्ची पडतो.

मालवणच्या धक्क्यावरून सिंधुदुर्ग किल्ल्यावर जाणाऱ्या होड्यांचा व्यवहार पाहिला म्हणजे पूलरची कल्पना सहज उमगते. किल्ला कुरटे बेटावर आहे व तेथे जाण्यास होडीवाचून मार्ग नाही. येणाऱ्या प्रत्येक प्रवाशासाठी कोणी नवी होडी बांधीत नाही. ठरावीक होड्या फेऱ्या करतात, एका खेपेचे प्रवासी उतरले की तीच होडी दुसऱ्यांस घेते आणि गर्दी झाली तर माणसे धक्क्यावर थांबतात. पूलर हेच करतो. डेटाबेसशी झालेली जोडणी तो काम संपल्यावर मिटवीत नाही, तर राखून ठेवतो व पुढच्या मागणीदारास देतो.

पीजीपूलची निर्मिती जपानमधील तात्सुओ इशी यांनी २००३ मध्ये केली आणि २००६ मध्ये त्याचे पीजीपूल-टू हे विस्तारित रूप प्रसिद्ध झाले. जोडण्या राखण्याखेरीज अनेक डेटाबेस सर्व्हरांत वाचनाचे काम वाटून देणे, एखादा सर्व्हर बंद पडल्यास त्यास वगळून दुसऱ्याकडे काम वळविणे, अशी कार्येही तो करतो. पीजीबाउन्सर २००७ मध्ये स्काइप कंपनीत तयार झाला. तो आकाराने लहान असून त्याचे कार्य बहुतांशी जोडण्या राखण्यापुरते मर्यादित आहे. हा भेद महत्त्वाचा आहे. जो पूलर सर्व्हर वगळण्याचे सामर्थ्य बाळगतो, त्याच्या प्रशासनात चूक झाली असता होणारी हानीही त्याच प्रमाणात मोठी असते.

३. संख्येचा विचार

दूरप्रशासनाची चर्चा करण्यापूर्वी पूलरचे गणित जुळले आहे की नाही हे पाहणे आवश्यक ठरते. गणितातील उणीव दुरून दुरुस्त करणे कठीण असते. पीजीपूल-टूमध्ये दोन संख्या मुख्य आहेत. ‘नम इनिट चिल्ड्रन’ ही संख्या एका वेळी किती मागणीदारांस सेवा देता येईल हे ठरविते. ती सामान्यतः ३२ असते. ‘मॅक्स पूल’ ही संख्या प्रत्येक बालप्रक्रियेने किती जोडण्या राखून ठेवावयाच्या हे ठरविते. ती सामान्यतः ४ असते. दोहोंचा गुणाकार १२८ होतो.

याउलट पोस्टग्रेसक्यूएलमध्ये ‘मॅक्स कनेक्शन्स’ ही मर्यादा बहुधा १०० असते आणि त्यांपैकी ३ जोडण्या प्रमुख प्रशासकासाठी राखीव असतात. म्हणजे इतरांस ९७ उरतात. दोन्ही बाजूंच्या मूळ संख्या जशाच्या तशा ठेवल्या, तर पूलर डेटाबेसकडे त्याच्या कुवतीहून अधिक जोडण्या मागू शकतो, हे उघड आहे.

तथापि हा दोष पहिल्या दिवशी प्रकट होत नाही, हीच त्यातील मेख आहे. पीजीपूल-टू राखलेल्या जोडण्यांची वर्गवारी उपयोगकर्ता व डेटाबेस यांच्या जोडीनुसार करतो. सर्व काम एकाच नावाने व एकाच डेटाबेसवर चालत असेल, तर प्रत्येक बालप्रक्रियेजवळ एकच जोडणी साठते आणि एकूण संख्या ३२ च्या पुढे जात नाही. समजा, किनाऱ्यावरील एखाद्या पतसंस्थेने अशी व्यवस्था उभारली व ती कित्येक महिने सुरळीत चालली. पुढे वसुली, ठेवी व हिशेबतपासणी यांसाठी मूळ नावाखेरीज आणखी तीन निराळी नावे वापरात आली. मग मासेमारीचा बंदीकाळ संपून होड्या पुन्हा समुद्रात उतरण्याच्या सुमारास सभासदांची एकच गर्दी झाली. डिझेल, जाळी व बर्फ यांसाठी पैसे हवे असलेला मनुष्य खिडकीशी उभा असताना नेमकी त्या दिवशी ९७ ची मर्यादा ओलांडली जाते आणि जोडणी नाकारली जाते. दोष जुना, परंतु त्याचा भार त्या दिवशी त्या माणसावर पडतो.

यासाठी पीजीपूल-टूच्या अधिकृत मार्गदर्शिकेतील नियम पाळावा. दोन संख्यांचा गुणाकार डेटाबेसच्या उपलब्ध जोडण्यांहून अधिक नसावा, आणि चालू प्रश्न मध्येच रद्द करण्याची सोय हवी असल्यास त्या गुणाकाराची दुप्पटही त्या मर्यादेत बसावी. उदाहरणार्थ, २४ बालप्रक्रिया व प्रत्येकी २ जोडण्या घेतल्यास गुणाकार ४८ व दुप्पट ९६ होते. ती ९७ च्या आत आहे. या दोन्ही संख्या पीजीपूल-टू सुरू होतानाच वाचल्या जातात. चालू असताना त्या बदलता येत नाहीत, पूलर पुन्हा सुरू करावा लागतो. अर्थातच हे काम पावसाळ्यापूर्वी, यंत्राजवळ बसून उरकणे श्रेयस्कर.

४. प्रशासनाचे स्वतंत्र दार

पीजीपूल-टूस दोन दारे आहेत. डेटाबेसची नित्य कामे ९९९९ या पोर्टवर येतात. प्रशासनाच्या आज्ञा ९८९८ या निराळ्या पोर्टवर येतात. या दुसऱ्या दाराच्या व्यवहारपद्धतीस पीसीपी असे नाव आहे व तिच्यासाठी पूलरमध्ये स्वतंत्र प्रक्रिया राबते. या अलगपणाचा लाभ संकटकाळी कळतो. ३२ च्या ३२ जागा भरल्या, नवे मागणीदार रांगेत खोळंबले किंवा मागचे सर्व डेटाबेस सर्व्हर बंद पडले, तरी प्रशासकास दुसऱ्या दाराने आत येऊन स्थिती पाहता येते. पुढच्या दाराशी झालेल्या गर्दीत त्यास उभे राहावे लागत नाही.

या दाराच्या किल्ल्या ‘पीसीपी डॉट कॉन्फ’ या फायलीत असतात. तिच्या प्रत्येक ओळीत उपयोगकर्त्याचे नाव, मग अपूर्णविराम आणि त्यापुढे परवलीच्या शब्दाची एमडी-५ पद्धतीने काढलेली छाप, अशी रचना असते. ही छाप ‘पीजी एमडी-५’ या साधनाने काढता येते. येथे विद्यार्थ्यांचा एक गैरसमज वारंवार होतो, तो दूर केला पाहिजे. या फायलीतील नावांचा डेटाबेसमधील नावांशी काहीही संबंध नाही. डेटाबेसचा प्रमुख असलेला मनुष्य या फायलीत नसेल, तर त्यास पूलरच्या प्रशासनाचा अधिकार नाही. उलटपक्षी, या फायलीत नाव असलेल्यास डेटाबेसमधील एक ओळही वाचण्याचा अधिकार त्यामुळे मिळत नाही. ही फारकत हितावह असून ती मुद्दाम टिकवावी. दोन्ही ठिकाणी एकच परवलीचा शब्द ठेवल्यास ती व्यर्थ होते.

एमडी-५ ही जुनी पद्धत आहे. तिची छाप अत्यंत वेगाने काढता येत असल्यामुळे, फाइल परक्याच्या हाती लागल्यास शब्दकोशातील शब्द एकामागून एक लावून पाहणे त्यास अवघड जात नाही. म्हणून फाइल केवळ पूलर चालविणाऱ्या खात्यासच वाचता येईल अशी ठेवावी, परवलीचा शब्द लांब व यदृच्छेने निवडलेला असावा, आणि छाप ही मूळ शब्दाइतकीच गुप्त मानावी. प्रत्येक व्यक्तीस स्वतंत्र नाव द्यावे. कोणी नोकरी सोडून गेला तर त्याची एक ओळ काढून टाकली म्हणजे काम भागते, सर्वांच्या किल्ल्या बदलाव्या लागत नाहीत.

प्रशासकाच्या स्वतःच्या संगणकावर ‘पीसीपीपास’ नावाची फाइल ठेवता येते. ती त्याच्या गृहनिर्देशिकेत असते व नावाच्या आरंभी टिंब असते. तीत यंत्राचे नाव, पोर्ट, उपयोगकर्ता व परवलीचा शब्द क्रमाने लिहिलेले असतात. ही फाइल मालकाखेरीज इतरांस वाचता येण्याजोगी असेल, तर पीसीपीच्या आज्ञा तिच्याकडे दुर्लक्ष करतात. ‘फाइल लिहिली तरी परवली विचारली जाते’ अशा तक्रारीचे मूळ पुष्कळदा येथेच सापडते. अनुमती ०६०० केली की तक्रार मिटते.

५. मार्गाची सुरक्षितता

दार असणे ही एक गोष्ट आणि ते रस्त्यावर उघडणे ही दुसरी. ‘पीसीपी लिसन ॲड्रेसेस’ या मूल्याने हे दार कोणत्या पत्त्यांवर ऐकेल ते ठरते. अलीकडच्या आवृत्त्यांत ते स्थानिक यंत्रापुरतेच मर्यादित असते, तर जुन्या नमुना फायलींत ते सर्व पत्त्यांसाठी खुले दिसते. जुन्या फायली नव्या यंत्रावर नकलून घेण्याचा प्रघात असल्याने, आपल्या यंत्रावर प्रत्यक्ष कोणते मूल्य आहे हे प्रत्येकाने स्वतः पडताळून पाहावे.

दुरून प्रशासन करावयाचे म्हणून हे दार सर्वांसाठी उघडावे, असा पहिला विचार मनात येतो. तो टाळावा. दार स्थानिक यंत्रापुरतेच ठेवून त्याच्यापर्यंत जाणारा मार्ग मात्र कूटबद्ध करावा, हा अधिक चांगला उपाय होय. हेलसिंकी येथील तंत्रविद्यापीठात तातू इलोनेन यांनी १९९५ मध्ये एसएसएच ही पद्धत निर्माण केली, ती याकामी उपयोगी पडते. प्रशासक आपल्या संगणकावरून सर्व्हरशी एसएसएच जोडणी करतो आणि तीत असा संकेत देतो की, आपल्या संगणकाच्या ९८९८ पोर्टवर जे येईल ते या कूटबद्ध मार्गाने पलीकडे नेऊन तेथील स्थानिक ९८९८ पोर्टवर पोचवावे. यास बोगदा असे म्हणतात. त्यानंतर पीसीपीची प्रत्येक आज्ञा प्रशासक जणू आपल्याच यंत्रास देत आहे अशा रीतीने देतो. पलीकडील पूलरलाही ती स्थानिक यंत्रावरून आल्यासारखीच दिसते. ‘पीसीपीपास’ फायलीतही यंत्राचे नाव म्हणून लोकलहोस्ट असेच लिहावयाचे असते.

या रचनेचे तीन लाभ आहेत. महाजालावर पूलरच्या प्रशासनाचे दार दिसतच नाही. ओळख दोनदा पटवावी लागते, एकदा एसएसएचच्या किल्लीने व पुन्हा पीसीपीच्या परवलीने. आणि कोण केव्हा आत आले याची नोंद एसएसएचच्या दप्तरात आपोआप राहते. एसएसएचमध्येही परवलीच्या शब्दाने प्रवेश बंद करून केवळ किल्लीच्या जोडीने प्रवेश ठेवावा. अग्निभिंतीत ९८९८ कोणासही खुला नसावा, आणि ९९९९ फक्त कार्यक्रम चालविणाऱ्या यंत्रांस खुला असावा.

ऐकण्याचे पत्ते व पोर्ट ही मूल्येही पूलर सुरू होतानाच वाचली जातात. तेव्हा ‘गरज पडेल तेव्हा बदलू’ ही भूमिका येथे चालत नाही. बोगद्याची चाचणीही घाट सुरू असताना व वीज असतानाच केली पाहिजे.

६. पाहणे आणि करणे

पीसीपीच्या आज्ञांचे दोन वर्ग पडतात. ‘पीसीपी नोड इन्फो’ एखाद्या डेटाबेस सर्व्हरची स्थिती सांगते. ‘पीसीपी प्रॉक इन्फो’ बालप्रक्रियांची व ‘पीसीपी पूल स्टेटस’ मूल्यांची माहिती देते. या केवळ पाहण्याच्या आज्ञा होत. याउलट ‘पीसीपी डिटॅच नोड’ सर्व्हरला सेवेतून वगळते, ‘पीसीपी अटॅच नोड’ त्यास परत घेते, ‘पीसीपी प्रमोट नोड’ पूलरच्या लेखी दुय्यम सर्व्हरला मुख्य ठरविते आणि ‘पीसीपी स्टॉप पीजीपूल’ पूलरच बंद करते. या करण्याच्या आज्ञा होत.

पीसीपीमध्ये या दोन वर्गांसाठी निरनिराळे अधिकार देण्याची सोय नाही. ज्यास किल्ली मिळाली त्यास सर्वच मिळाले. केवळ स्थिती पाहण्यासाठी नेमलेल्या विद्यार्थी-साहाय्यकास पीसीपीचे नाव दिले, तर पूलर बंद करण्याचे सामर्थ्यही त्याच्या हाती जाते. या बाबतीत पीजीबाउन्सरची रचना अधिक विचारपूर्वक केलेली दिसते. त्यात प्रशासन ‘पीजीबाउन्सर’ याच नावाच्या एका आभासी डेटाबेसमधून चालते. ‘ॲडमिन यूजर्स’ यादीतील व्यक्तींस काम थांबविण्याच्या व पुन्हा चालू करण्याच्या आज्ञा देता येतात, तर ‘स्टॅट्स यूजर्स’ यादीतील व्यक्तींस बहुतांश केवळ पाहता येते.

पीजीपूल-टूमध्येही ही फारकत साधता येते, परंतु निराळ्या मार्गाने. ९९९९ या नित्याच्या दाराने साध्या डेटाबेस-नावाने येऊन ‘शो पूल नोड्स’ ही आज्ञा दिली असता सर्व सर्व्हरांची स्थिती, मुख्य-दुय्यम भूमिका व त्यांच्यावर गेलेले वाचनाचे काम यांचा तक्ता मिळतो. ‘शो पूल प्रोसेसेस’ने बालप्रक्रिया दिसतात. म्हणून नित्याच्या देखरेखीसाठी एक स्वतंत्र, अल्पाधिकारी डेटाबेस-नाव निर्माण करावे व त्याचा उपयोग या आज्ञांपुरताच करावा. पीसीपीच्या किल्ल्या मात्र एक-दोन जबाबदार व्यक्तींपुरत्या ठेवाव्यात. या उपायाची मर्यादाही लक्षात घ्यावी. पहिल्या दारात गर्दी झाली असता देखरेखीचा प्रश्नही रांगेत थांबतो. अशा वेळी देखरेखीस उत्तर न मिळणे हीच एक सूचना समजून किल्लीधारकाने दुसऱ्या दाराने पाहावे.

७. मौनाचा अर्थ

आता या विषयातील सर्वांत कठीण भागाकडे वळू. दूरच्या यंत्राकडून उत्तर येत नाही, याचा अर्थ ते यंत्र बंद पडले आहे असा घ्यावयाचा, की मधला मार्ग तुटला आहे असा? केवळ मौनावरून हे ठरविता येत नाही. मायकेल फिशर, नॅन्सी लिंच व मायकेल पॅटरसन यांनी १९८५ मध्ये असे सिद्ध केले की, ज्या व्यवस्थेत निरोपास लागणाऱ्या काळाला मर्यादा नाही, तीत एक जरी घटक बंद पडण्याची शक्यता असली, तरी इतरांचे एकमत निश्चितपणे घडवून आणणारी नियत रीत असू शकत नाही. तुषार चंद्रा व सॅम तुएग यांनी १९९६ मध्ये, चुका करू शकणाऱ्या दोषशोधकांचा उपयोग करूनही एकमत कोणत्या अटींवर साधता येईल, याची मीमांसा केली. या सिद्धांतांचा व्यवहारातील आशय असा की, प्रत्येक दोषशोधक हा अंदाज बांधणारा असतो. तो घाई करील तर जिवंत यंत्रास मृत ठरवील आणि धीर धरील तर मृतास उशिरा ओळखील.

पीजीपूल-टूमधील मूल्यांकडे या दृष्टीने पाहावे. ‘हेल्थ चेक पीरियड’ हे मूल्य मुळात शून्य असते, म्हणजे नियमित तपासणी होतच नाही. ‘हेल्थ चेक मॅक्स रिट्राइज’ हेही शून्य असते, म्हणजे तपासणी सुरू केली तरी पहिल्याच अपयशास सर्व्हर वगळला जातो. शिवाय ‘फेलओव्हर ऑन बॅकएंड एरर’ हे मूल्य चालू असल्यास, मार्गावर एक वाचन-लेखनाची चूक झाली तरी सर्व्हर वगळला जातो. एकाच खोलीतील दोन यंत्रांस हा अधीरपणा कदाचित शोभेल. एक यंत्र किनाऱ्यावर, दुसरे घाटमाथ्यावर आणि मध्ये पावसाळी दूरसंचार असेल, तर तो घातक होय. अशा ठिकाणी हे शेवटचे मूल्य बंद ठेवावे आणि नियमित तपासणी सुरू करावी. पुनःप्रयत्न १० व त्यांमधील अंतर ६ सेकंद असे काही प्रमाण ठेवले, तर मार्गात सुमारे एका मिनिटापर्यंत आलेला खंड निभावून नेता येतो. ही मूल्ये चालू पूलरवर बदलता येतात. अलीकडच्या आवृत्त्यांत त्यासाठी ‘पीसीपी रीलोड कॉन्फिग’ ही आज्ञा आहे. त्यामुळे वादळाची सूचना मिळताच दुरून त्यांत फेरबदल करणे शक्य असते.

एकदा वगळलेला सर्व्हर मार्ग पूर्ववत झाला तरी सामान्यतः आपोआप परत घेतला जात नाही. ‘पीसीपी नोड इन्फो’मध्ये त्याची स्थिती ३ अशी दिसत राहते. स्थिती १ व २ म्हणजे सर्व्हर सेवेत आहे, १ असता त्याच्याशी राखलेली जोडणी अद्याप नाही व २ असता ती आहे. तीन मिनिटांच्या खंडामुळे वगळलेला दुय्यम सर्व्हर कोणी ‘पीसीपी अटॅच नोड’ ही आज्ञा देईपर्यंत दिवसेंदिवस रिकामा बसून राहील व सर्व भार एकट्या मुख्य सर्व्हरवर पडेल. दूरप्रशासनाची नित्याची गरज प्रामुख्याने या एका आज्ञेसाठी असते. ती देण्यापूर्वी तो सर्व्हर खरोखर अद्ययावत आहे की नाही हे पाहिले पाहिजे. मागे पडलेल्या सर्व्हरला सेवेत घेतल्यास सभासदास कालची शिल्लक आजची म्हणून दाखविली जाईल.

याहून गंभीर धोका वगळण्याच्या आज्ञेत आहे. ‘पीसीपी डिटॅच नोड’ पूलरच्या यादीतून सर्व्हर काढते, पण प्रत्यक्ष डेटाबेस बंद करीत नाही. मुख्य सर्व्हर असा वगळला गेला व दुय्यमाला मुख्य करण्याची आज्ञावली सिद्ध असली, तर दुय्यम सर्व्हर मुख्य होतो आणि जुना मुख्यही आपल्या जागी चालूच असतो. एखादा कार्यक्रम पूलरला वळसा घालून थेट जुन्याशी जोडलेला असेल, तर दोन ठिकाणी दोन निरनिराळ्या नोंदी साठू लागतात. एका खातेवहीच्या दोन वह्या झाल्या, की पुढे त्या जुळविण्याची कोणतीही यांत्रिक रीत नाही. कोणाचा हप्ता कोणत्या वहीत भरला गेला हे माणसांस विचारीत बसावे लागते. यास्तव मुख्य सर्व्हर दुरून वगळण्यापूर्वी तो बंद झाला आहे याची निराळ्या मार्गाने खात्री करावी. शक्य असल्यास तेथील मनुष्यास दूरध्वनी करून यंत्र बंद करून घ्यावे. दूरप्रशासनात दूरध्वनीचे स्थान गौण नाही, कारण तो वेगळ्या मार्गाने येणारा साक्षीदार आहे.

अनेक पूलर ठेवून त्यांच्यात वॉचडॉग ही पहारेव्यवस्था चालू केल्यास, सर्व्हर वगळण्याचा निर्णय बहुमताने घेता येतो. त्यासाठी पूलरांची संख्या विषम व निदान तीन असावी. दोन पूलरांत मार्ग तुटला तर बहुमत ठरविता येत नाही. तीनही एकाच इमारतीत व एकाच वीजवाहिनीवर असतील, तर त्यांच्या तीन मतांचे मोल एका मताएवढेच राहते, हे सांगणे नकोच.

आणखी एक दक्षता सांगितली पाहिजे. आज्ञा दिल्यावर, उत्तर येण्यापूर्वीच बोगदा तुटला, तर ती आज्ञा पलीकडे पोचली की नाही हे प्रशासकास कळत नाही. अशा वेळी तीच आज्ञा पुन्हा देण्याची ऊर्मी होते. ती आवरून, मार्ग सांधल्यावर प्रथम स्थिती पाहावी व मगच पुढील आज्ञा द्यावी. विशेषतः दुय्यमाला मुख्य करण्याच्या आज्ञेबाबत हा नियम कटाक्षाने पाळावा.

८. समारोप

वरील विवेचनावरून मांडणीचा क्रम असा निष्पन्न होतो. प्रथम जोडण्यांचे गणित जुळवावे. नंतर पीसीपीच्या किल्ल्या व्यक्तिशः व मोजक्याच द्याव्यात. दार स्थानिक यंत्रापुरते ठेवून एसएसएचचा बोगदा सिद्ध करावा. देखरेखीसाठी निराळे, अल्पाधिकारी नाव योजावे. तपासणीची मूल्ये मार्गाच्या स्वभावास अनुसरून ठरवावीत. शेवटी, कोणती आज्ञा कोणी, कशाची खात्री करून द्यावयाची हे एका कागदावर लिहून तो कागद यंत्राजवळ व प्रशासकाजवळ, दोन्हीकडे ठेवावा. यांपैकी पहिली व तिसरी पायरी पूलर पुन्हा सुरू केल्याखेरीज अमलात येत नाही, म्हणून ती कोरड्या दिवसांतच उरकली पाहिजे.

या पायऱ्यांत तंत्रदृष्ट्या दुर्घट असे काही नाही. विद्यार्थ्यांनी प्रयोगशाळेत तीन आभासी यंत्रे घेऊन, त्यांमधील मार्ग जाणूनबुजून तोडून, प्रत्येक मूल्याचा परिणाम स्वतः पाहावा. मार्ग एक मिनिट तोडला असता काय होते, पाच मिनिटे तोडला असता काय होते व मुख्य सर्व्हर जिवंत असताना वगळला तर नोंदी कशा दुभंगतात, हे एकदा प्रत्यक्ष पाहिलेला मनुष्य दूरच्या यंत्रास आज्ञा देण्यापूर्वी थांबून विचार करतो. किनाऱ्यावरील खिडकीशी उभ्या असलेल्या सभासदाची शिल्लक बरोबर राहणे हे अखेरीस त्याच्या या थांबण्यावरच अवलंबून असते.